बंदीचा मसुदा

रविवारी सकाळचे पोहे संपले की बाबा चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "घे तो तुझा लॅपटॉप. लिही. विषय: देशात धूम्रपानावर संपूर्ण बंदी घालण्याबाबत."

दोन हिवाळे आमच्या घरी हा कार्यक्रम चालला. बाबा एक्याऐंशीचे, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. त्यांचा उजवा हात कापतो, त्यामुळे सहीपलीकडे त्यांच्याच्यानं काही लिहवत नाही. मी अठ्ठेचाळीसची, नोएडातल्या एका आयटी कंपनीत. पत्रं सुरू झाली तेव्हा आईला जाऊन वर्ष होत आलं होतं, माझं लग्न त्याच्या कितीतरी आधी मोडलं होतं, आणि दिल्लीत मयूर विहारमधल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही दोघंच राहत होतो. ते सांगायचे, मी टाइप करायची. आणि टाइप करताना माझ्या साबणानं तीनदा धुतलेल्या बोटांना आदल्या संध्याकाळच्या सिगरेटचा वास येत असायचा.

होय, मी ओढत होते. पंधरा-सोळा वर्षं झाली होती त्याला. आमच्या ऑफिसच्या गेटबाहेर चहाची टपरी आहे, तिथे सुरू झालं. कसल्याशा प्रोजेक्टची घाई होती, दोघी सहकारी ओढत होत्या, मी नुसता चहा पीत होते, मग एक दिवस मीही घेतली. दुःख वगैरे काही नव्हतं. बाईनं सिगरेट ओढायची तर तिच्यामागे एखादी कहाणी असावी असं लोकांना वाटतं. माझ्याकडे नाही, त्याला मी काय करू?

लपवण्यात मात्र मी डॉक्टरेट मिळवली असती. पाकीट ठेवायचं पर्सच्या आतल्या कप्प्यात, सॅनिटरी पॅडच्या पिशवीत, कारण जगातला कुठलाही मराठी बाप ती पिशवी उघडणार नाही. ऑफिसात एक वेगळं जॅकेट. मेट्रोत बसायच्या आधी बडीशेप. घरी शिरल्या शिरल्या "आले हं" असं लांबूनच ओरडून सरळ बाथरूम. आणि हिवाळा आला की माझे सुगीचे दिवस. नोव्हेंबरपासून दिल्लीत सगळ्यांच्याच कपड्यांना धुराचा वास येतो, सगळेच खोकतात, सगळ्यांचेच डोळे लाल. बाबांनी एकदा विचारलं होतं, "काय गं, धुरकट वास येतोय का?" मी खिडकीकडे बोट दाखवलं. समोरची इमारत दिसत नव्हती. विषय संपला.

अठ्ठेचाळीस वर्षांची, कमावती बाई बापापासून सिगरेट लपवते, हे कुणाला हास्यास्पद वाटेल. आमच्या घरात ते तसं नव्हतं. मोठ्यांसमोर काही गोष्टी करायच्या नसतात, आणि मोठ्यांना दिसल्या तरी त्यांनी पाहिलं नाही असं दाखवायचं असतं. माझं लग्न मोडलं आणि मी दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिले, तेव्हा बाबा म्हणाले, "अच्छा, आलीस का." एवढंच. आईनं तीन दिवस रडून घेतलं. बाबांनी दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावून माझ्या खोलीतला बंद पडलेला गीझर दुरुस्त करून घेतला. त्या गीझरबद्दल ते माझ्याशी खूप बोलले, नवऱ्याबद्दल एक अक्षर नाही.

तर पत्रं. बाबांना आधीपासून पत्रं लिहायची खोड. कॉलनीच्या बागेचं मोडकं फाटक, मेट्रो स्टेशनजवळचा न दिसणारा स्पीडब्रेकर, यांवर त्यांनी लिहिलेलं होतं, आणि फाटक खरंच बदललं होतं. त्यामुळे त्यांनी सिगरेटचा विषय काढला तेव्हा मला वाटलं, आता हे नवं. माणूस रिटायर होतो, पण त्याच्यातला सेक्शन ऑफिसर कुठे रिटायर होतो!

त्यांची पद्धत ठरलेली. मसुदा मराठीत, कारण विचार आपल्या भाषेत करावा आणि सही सरकारच्या भाषेत, असं त्यांचं म्हणणं. मराठी मसुदा पक्का झाला की मी त्याचं हिंदी करायचं. माझं मराठी दिल्लीत वाढलेलं, त्यामुळे टाइप करताना अडायला व्हायचं.

"मज्जाव? मतलब?"

"मनाई. अगं, साधा शब्द आहे. तुझ्या आईला विचार," ते म्हणाले, आणि मग आम्ही दोघंही थोडा वेळ लॅपटॉपकडे बघत बसलो.

असं दोन-तीनदा झालं. मग मी शब्दांचे अर्थ विचारायचे बंद केले.

पत्रात मुद्दे असायचे, मुद्द्यांना क्रमांक. आणि मी प्रत्येक मुद्द्याला आडवी यायची. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते माझ्या मनात लख्ख पडलेलं होतं, म्हणून मी जरा जास्तच जोरात भांडायची.

"बाबा, बंदी घातली की माल चोरून विकला जातो. दारूचं बघा, जिथे बंदी आहे तिथे काय कुणी पीत नाही?"

"चोरी होतेच, म्हणून चोरीविरुद्धचा कायदा काढून टाकायचा का? पुढे लिही."

"आणि त्या विड्या वळणाऱ्या बायका? त्यांच्या घरची चूल कशी पेटणार? तुम्ही इथे पोहे खात बंदी घालणार आणि त्यांनी काय करायचं?"

त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्या रविवारी पत्र पुढे गेलं नाही. पुढचा आठवडाभर ते विचार करत होते, भाजी निवडताना, औषधं घेताना. पुढल्या रविवारी मुद्दा क्रमांक सहा तयार होता: विडी कामगार महिलांना आधी दुसरं काम, मग बंदी, क्रम उलटा करू नये. मला म्हणाले, "तू विरोधी पक्ष आहेस. विरोधी पक्षाशिवाय मसुदा पक्का होत नाही."

विरोधी पक्षाला मात्र त्यांच्या या विश्वासाचा राग यायचा. एक कागद वर पाठवला की जग सुधारतं, असं एक्याऐंशीव्या वर्षीही वाटावं? पण त्यांच्याकडे पुरावा होता. ते नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या सेक्शनमध्ये प्रत्येक टेबलावर ॲशट्रे असायचा. साहेब ओढायचा, शिपाई ओढायचा, फायलींना वास यायचा. बाबा कधीच ओढत नसत, घरी आले की आई त्यांचा शर्ट बाल्कनीत टांगायची. "मग एक परिपत्रक आलं," बाबा सांगायचे. "एक पान. महिन्याभरात सगळे ॲशट्रे गेले. साहेबांचा सुद्धा. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"आणि साहेब?"

"साहेब जिन्यात जाऊन ओढायला लागले."

"बघा!"

"पण कमी ओढायला लागले," बाबा म्हणाले. "जिना उतरावा लागायचा ना."

एकदा माझा तोल गेला. मी म्हटलं, "बाबा, तुमच्या या पत्रांना तिथे कोण भीक घालणार आहे? ज्यांना ओढायची ते ओढणारच. लहान मुलं आहेत का ती? स्वतःच्या अकलेनं, स्वतःच्या फुप्फुसात ओढतात, तुमचं काय जातं?"

मला वाटलं, आता आवाज चढवतील. लहानपणीसुद्धा त्यांनी तो फार वेळा चढवला नव्हता.

"फुप्फुस ज्याचं त्याचं, हे कबूल," ते म्हणाले. "पुढे लिही. मुद्दा क्रमांक आठ."

पत्र पोस्टानं आरोग्य मंत्रालयात पाठवणं त्यांना मान्य नव्हतं, आणि ऑनलाइन तक्रार टाकणं म्हणजे त्यांच्या लेखी विहिरीत दगड टाकणं. पत्र हातानं द्यायचं, प्रतीवर शिक्का घ्यायचा, आणि ती प्रत घरी फाइलला लावायची. पहिल्या काही पत्रांना काहीच आलं नाही. मग एकदा हिंदीतलं दोन ओळींचं उत्तर आलं: आपलं पत्र मिळालं, योग्य कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे पाठवलं आहे. कुणीही ते वाचून कपाळाला हात लावला असता. बाबांनी ते तीनदा वाचलं आणि म्हणाले, "पत्र हललं." त्या दिवशी त्यांनी जेवताना एक पोळी जास्त खाल्ली.

दुसऱ्या हिवाळ्यात, डिसेंबरमधली ही गोष्ट. नवं पत्र तयार झालं होतं, चांगलं चार पानी. एरवी शेजारच्या ब्लॉकमधले एक गृहस्थ मंत्रालयाच्या बाजूला कामाला जायचे, ते पत्र नेऊन द्यायचे. या वेळी बाबा म्हणाले, मी स्वतः जाणार. मी सुट्टी टाकली. मेट्रोच्या ब्लू लाइननं गेलो. एका कॉलेजच्या मुलीनं उठून त्यांना जागा दिली, तर तिला "थँक्यू बेटा" म्हणून त्यांनी तिथेच विचारलं की तुझ्या कॉलेजबाहेर सिगरेट मिळते का. ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे बघत होते.

मंत्रालयाच्या पत्रं घेण्याच्या खिडकीवर बाबा असे उभे राहिले की जणू तेच आतून बाहेर आलेत. खिडकीतल्या बाईंनी चार पानं चाळली, विषय वाचला, बाबांकडे पाहिलं, आणि प्रतीवर शिक्का मारला. बाबांनी शिक्क्यावर फुंकर मारली आणि प्रत कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

मग आम्ही कस्तुरबा गांधी मार्गावर आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसमध्ये गेलो. तिथे कँटीनमध्ये साबुदाणा वडा मिळतो, आणि आई असताना वाढदिवसांना वगैरे आम्ही तिथेच जायचो. बाबा खुशीत होते. मला मात्र सकाळपासून काही मिळालं नव्हतं. ज्यानं कधी ओढली नाही त्याला हे सांगून कळणार नाही. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. वडे समोर आले आणि माझं लक्ष वड्यात नव्हतं. मी फोन कानाला लावला. "ऑफिसचा आहे. आलेच हं बाबा."

पार्किंगच्या मागे, भिंतीच्या आडोशाला मी उभी राहिले. कडाक्याची थंडी होती, धुक्यानं उजेडसुद्धा राखाडी झाला होता. दुसरा झुरका घेतला, धूर सोडत मान वळवली, तर सात-आठ पावलांवर बाबा.

त्यांच्या हातात माझा मफलर होता. तो मी खुर्चीवरच विसरले होते. तो द्यायला ते आले असणार. पण आमची नजरानजर झाली नाही, कारण मी पाहिलं तोवर ते वळलेले होते आणि माघारी निघाले होते. आणि ते चालत नव्हते. घरी खुर्चीतून उठायला ज्यांना दोन मिनिटं लागतात ते बाबा काठी काखेत धरून, तोल सावरत, जवळजवळ पळत होते. मुलीला शरम वाटू नये म्हणून माझे एक्याऐंशी वर्षांचे बाबा पळत होते.

मी सिगरेट टाकली, पायानं चिरडली, आणि तिथेच उभी राहिले. आत जायची हिंमत होईना. मला वाटत होतं की त्यांनी परत वळून यावं आणि तिथल्या तिथे माझ्या मुस्काटात मारावी. ते फार सोपं झालं असतं.

आत गेले तेव्हा मफलर खुर्चीच्या पाठीवर जसा होता तसा होता, जणू तो हललाच नव्हता. माझा वडा गार होऊ नये म्हणून त्यावर बशी उपडी घातलेली होती. बाबांना धाप लागली होती आणि ती दिसू नये म्हणून ते मेनूकार्ड वाचत होते.

"कुणाचा फोन?"

"ऑफिसचा."

"अच्छा," ते म्हणाले. "वडा खा. आज चांगला झालाय."

तो आठवडा कसा गेला ते माझं मला माहीत. रोज सकाळी मला वाटायचं, आज बोलतील. रोज संध्याकाळी वाटायचं, आज आपण बोलू. डाळीत मीठ कमी आहे, गॅसवाला उद्या येणार, मेट्रोत गर्दी होती का, इतकंच बोलणं झालं. मी सहाच्या जागी आठ ओढायला लागले. आपल्यासारखी भित्री बाई दुसरी नसेल, असं मला वाटत होतं आणि ते खरंही होतं.

रविवार आला. पोहे झाले. बाबांनी चष्मा पुसला.

"घे लॅपटॉप."

"बाबा, मागच्याच आठवड्यात दिलं ना पत्र?"

"पुरवणी जोडायची आहे. आपण फार मोठं मागितलं. तुझा मुद्दा बरोबर होता, एवढ्या मोठ्या देशात ते व्हायचं नाही. लिही. संपूर्ण देशात अशी बंदी तूर्त शक्य नसल्यास, निदान दिल्ली व लगतच्या परिसरात ती प्रायोगिक तत्त्वावर लागू करावी."

"पायलट बेसिस?"

"बिल्कुल."

मी टाइप केलं.

"तेही शक्य नसल्यास," ते खिडकीकडे बघत म्हणाले, "निदान नोएडातल्या कार्यालयांच्या गेटबाहेर ज्या चहाच्या टपऱ्या आहेत, तिथे."

माझी बोटं थांबली. मग मी तेही टाइप केलं. टपऱ्यांवर मी त्यांना कधी नेलं नव्हतं.

"तेही शक्य नसल्यास, निदान अशा व्यक्तींपुरती, ज्यांचे पालक ऐंशीच्या पुढे आहेत." त्यांचा आवाज ऑफिसातला होता, एकसुरी, स्वल्पविराम ऐकू येतील असा. फक्त उजवा हात त्यांनी डाव्या हातानं मांडीवर दाबून धरला होता. "आणि ज्या व्यक्तीला त्या पालकाशिवाय, आणि त्या पालकाला त्या व्यक्तीशिवाय, दुसरं कुणी नाही. लिहिलंस?"

मी लिहिलं नव्हतं. मला स्क्रीनच दिसत नव्हता. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, मी त्यातलीच. पण भांडं घेऊन दोन वर्षं केंद्र सरकारच्या दारात उभा राहिलेला माणूस मी हा एकच पाहिला.

मी लॅपटॉप बंद केला. "बाबा, मी ओढते."

ते अजून खिडकीकडेच बघत होते.

"बाबा."

"हं. किती?"

"दिवसाला सहा. या आठवड्यात आठ."

"मला दहा-बारा वाटत होत्या," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरंच थोडा आराम दिसला.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"तुझी आई गेली त्या वर्षापासून. तू सकाळी नळ सोडून खोकतेस. पाच-पाच मिनिटं नळ चालू असतो आणि बादली भरत नाही. मी काय बहिरा आहे?"

"मग मला विचारलं का नाही?"

यावर ते चिडले. दोन वर्षांत पहिल्यांदा. "विचारू कसा? अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला बापानं काय विचारायचं असतं? कुठल्या तोंडानं? हे तुझ्या आईचं काम. मी तिला सांगितलं असतं, तिनं तुला सांगितलं असतं. प्रॉपर चॅनल तेच होतं आपल्या घरात." ते थांबले. "ते राहिलं नाही. मग मी सरळ वरच लिहिलं."

मला हसू आलं. मी मोठ्यानं हसले, आणि हसता हसता मला रडू कोसळलं, आणि ते थांबेना. बाबांनी खिशातून रुमाल काढला, तो त्यांच्या कापणाऱ्या हातातून खाली पडला, आणि आम्ही दोघं एकदमच तो उचलायला वाकलो. डोक्याला डोकं आपटलं. आई गेल्यापासून मी त्यांच्या इतक्या जवळ गेले नव्हते.

"हे बघ," ते खाली वाकलेलेच असताना म्हणाले, कदाचित तोंड दिसत नव्हतं म्हणून त्यांना म्हणता आलं. "सीनियॉरिटी म्हणून एक गोष्ट असते. माझा नंबर आधी. तुझ्या आईनं ती मोडली, माझ्याहून सहा वर्षांनी लहान होती, मी कुणाला काही म्हणालो नाही. तिला पोचवून आलो. तुला पोचवायला मी जाणार नाही. माझ्याच्यानं होणार नाही ते. एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी ती चार पानं सगळी फुकट आहेत."

मी म्हटलं, "सोडते." इतक्या पटकन म्हटलं की ते मलाच खोटं वाटलं. त्यांनाही वाटलं असणार. आयुष्यभर त्यांनी लोकांची आश्वासनं वाचली होती.

मी स्वतःला ओळखते, म्हणून मीच विचारलं, "आणि नाहीच जमलं तर?"

बाबा परत खुर्चीत टेकले. मला वाटलं, आता अट घालतील, शपथ घ्यायला लावतील, आईचं नाव काढतील.

"नाहीच जमलं तर घरात ओढ," ते म्हणाले. "अशी भिंतीमागे उभी राहू नकोस. बाहेर फार थंडी असते."

सिगरेटवर सरसकट बंदी घालावी का, असं मला आजही कुणी विचारलं तर मी घालू नये म्हणते. विडीवाल्या बायका, चोरटा बाजार, ज्याचं त्याचं फुप्फुस, सगळे मुद्दे मला क्रमांकासकट पाठ आहेत. बाबा शेजारी असले तर ते घालावी म्हणतात. या बाबतीत आमचं कधी जमणार नाही, आणि त्यावाचून काही अडत नाही. ती पुरवणी काही कुठे गेली नाही. हिंदीत करायची राहूनच गेली.

पण मला एका संध्याकाळचं सांगायचं आहे. त्या रविवारनंतर नऊ दिवस मी एकही ओढली नाही. डोकं दुखायचं, हात रिकामे वाटायचे, ऑफिसात तिघांवर ओरडले. दहाव्या दिवशी टीममधल्या दोघांना काढून टाकायचं ठरलं आणि ते त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. ते करून घरी आले. बाबा हॉलमध्ये शाल पांघरून बसले होते, टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. मी त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसले आणि पर्समधून पाकीट आणि माचिस काढली.

"बाबा, आज नाही जमत."

"अच्छा," ते म्हणाले.

त्यांनी टीव्ही बंद केला आणि काठी घेऊन उठले. मला वाटलं, आता आपल्या खोलीत जातील, दार लावतील, आणि मला काय हवं ते करता येईल. मी सिगरेट ओठांत धरली. ते खोलीकडे गेले नाहीत. माझ्या मागची खिडकी थोडी उघडी होती, तिच्यातून माझ्या पाठीवर वारा येत होता. ती काच त्यांनी दोन्ही हातांनी रेटत रेटत पूर्ण लावून घेतली. मग दुसरी खुर्ची ओढून माझ्या अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल अशी ठेवली, आणि तिच्यात बसले.

खिडकी बंद, आणि बाबांचं तोंड हातभर अंतरावर. मी काडी पेटवली, ती बोटापर्यंत जळत आली. चटका बसला तेव्हा मी ती टाकली. दुसरी काढली नाही.